मधल्या माणसाचे कान

सकाळचे पावणेसात. जळगावच्या एमआयडीसीतला एखादा चटईचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळी सुटायच्या बेतात आहे आणि दिवसपाळीची माणसं गेटातून आत येताहेत. या पंधरा मिनिटांत कारखान्यातला सगळ्यात घाईतला माणूस म्हणजे शिफ्ट इन्चार्ज. आजवर ही पंधरा मिनिटं त्याच्या वहीत जायची. कुठल्या लूमवर किती माल निघाला, प्लास्टिकचा दाणा किती लागला, वेस्टेज किती, कोण गैरहजर, कुठलं मशीन किती वेळ बंद होतं. बेरजा मारायच्या, रिपोर्ट लिहायचा, साहेबांकडे पाठवायचा.

आता समजा, त्या कारखान्यात लूमना सेन्सर बसले आणि रिपोर्ट लिहायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे गेलं. पाळी संपायच्या आत स्वच्छ भाषेतला, आलेखांसकटचा रिपोर्ट साहेबांच्या मोबाइलवर पोचतो. शेवटी एक ओळ असते : चार नंबर लूमचं उत्पादन घसरलं, धागा वारंवार तुटला, संभाव्य कारण ऑपरेटरचं दुर्लक्ष.

चार नंबरचा ऑपरेटर डबा उचलून घरी निघाला आहे. इन्चार्जच्या हातात आज वही नाही, वेळ मात्र आहे. तो दोन गोष्टी करू शकतो. मोबाइल पुढे धरून ऑपरेटरला झापू शकतो, कारण ‘कॉम्प्युटर बोलतोय’. किंवा त्याच्या शेजारी उभं राहून विचारू शकतो, “काय व्हयनं भाऊ?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहू शकतो.

त्यानं दुसरी वाट धरली, तर कदाचित कळेल की गोदामाचा पत्रा गळतोय. दाण्याच्या पोत्यांना ओल लागली आहे आणि ओलसर दाण्याचा धागा टिकत नाही. सेन्सर लूमवर होता, गोदामाच्या पत्र्यावर नव्हता. ऑपरेटरला हे पहिल्याच रात्री दिसलं होतं. पण मागं एकदा असंच काही सांगायला गेला, तेव्हा ‘तू तुझं मशीन बघ’ असं ऐकून परत आला होता. त्यामुळे यावेळी तो बोललाच नाही.

प्रसंग कल्पनेतला आहे. पण कारखान्यात, बँकेत, शाळेत किंवा दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. यंत्रामुळे हाती आलेल्या त्या पंधरा मिनिटांचं मधल्या माणसानं काय करायचं, हा या लेखाचा विषय आहे.

मधला म्हणजे कोण?

‘मध्यम व्यवस्थापक’ हा शब्द पुस्तकी आहे, माणसं मात्र ओळखीची आहेत. डाळमिलमधला सुपरवायझर, पाइपच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज, पतसंस्थेचा शाखाधिकारी, दहा-बारा शाळा सांभाळणारे केंद्रप्रमुख, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, रावेर-यावलकडे केळीच्या कटाईची टोळी चालवणारा मुकादम. यांच्या वर शेठ किंवा साहेब, खाली राबणारी माणसं. वरच्याची अपेक्षा खालच्याला उमजेल अशी सांगायची आणि खालच्याची अडचण वरच्याला पटेल अशी मांडायची. दोन्हीकडची बोलणीही यांनीच खायची.

व्यवस्थापक दिवसभर नेमकं काय करतात, हे कॅनडाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी प्रत्यक्ष शेजारी बसून पाहिलं. पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या दिवसांची त्यांनी बारीक नोंद ठेवली आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी या कामाचे तीन गट पाडले : माणसांशी नातं राखणं, माहिती गोळा करून पुढे पोचवणं आणि निर्णय घेणं. एक मोठा समजही त्यांनी खोडून काढला. व्यवस्थापक शांत बसून आखणी करतो असं आपण मानतो. प्रत्यक्षात त्याचा दिवस तुकड्यातुकड्यांत जातो आणि बराचसा वेळ बोलण्यात जातो.

ही तीन गटांची विभागणी आज फार कामाची आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्यात आधी हात घालते तो मधल्या गटाला, म्हणजे माहितीला. गोळा करणं, बेरीज करणं, सारांश काढणं, मसुदा लिहिणं, वेळापत्रक लावणं. निर्णयातही ती सल्ला द्यायला लागली आहे. पण पहिला गट, माणसांशी नातं, अजून त्या मधल्या माणसाच्याच पदरात आहे. अडचण अशी की बहुतेक मधल्या माणसांना आपण पद दिलं ते माहितीच्या बळावर. उत्तम फिटर होता म्हणून सुपरवायझर झाला, हिशोबाला पक्का होता म्हणून शाखाधिकारी झाला. माणसं सांभाळायचं त्याला कुणी कधी शिकवलंच नाही.

यंत्रानं काय उचललं?

खानदेशाला यंत्रानं काम उचलण्याचा अनुभव नवा नाही. जळगाव हे डाळीचं मोठं केंद्र. डाळमिलमध्ये पूर्वी बायका ओळीनं बसून डाळ निवडायच्या. मग सॉर्टेक्स मशीन आलं. घरंगळत येणाऱ्या दाण्याचा रंग कॅमेरा टिपतो आणि खराब दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडतो. निवडणारे हात कमी झाले, निवडणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा सुपरवायझर मात्र राहिला.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि वाऱ्याची दिशा बदलली. हे यंत्र निवडणाऱ्याच्या हाताऐवजी लक्ष ठेवणाऱ्याच्या वहीकडे वळलं. गार्टनर या सल्लागार संस्थेनं २०२४ मध्ये अंदाज वर्तवला की, २०२६ पर्यंत दर पाचांतली एक संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे आपली उतरंड कमी करेल आणि मधल्या फळीतली निम्म्याहून अधिक पदं काढून टाकेल. हा अंदाज आहे, घडलेली गोष्ट नव्हे. पण त्याच वर्षी ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना कळवलं की, २०२५ च्या पहिल्या तिमाहीअखेर व्यवस्थापकांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं आहे. म्हणजे मधले थर पातळ करायचे.

हे सगळं दूर अमेरिकेत चाललंय असं कुणाला वाटलं, तर त्यानं जळगाव जिल्ह्यातल्याच अमळनेरकडे पाहावं. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि अमळनेरच्या अनेक घरांत तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. जुलै २०२३ मध्ये याच विप्रोनं कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तीन वर्षांत १०० कोटी डॉलर गुंतवण्याचं आणि आपल्या सुमारे अडीच लाख कर्मचाऱ्यांना तिचं प्राथमिक प्रशिक्षण देण्याचं जाहीर केलं. वनस्पती तुपापासून इथवरचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावणारा आहे. बदल आपल्या दारात यायचा नाही, असं म्हणायची सोय अमळनेरनंच ठेवलेली नाही.

यंत्रामुळे मधल्या माणसाचं आणखी एक बळ कमी होतं, ते म्हणजे ‘मला जास्त माहीत आहे’ हे. एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मिळाल्यावर दर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, अनुभवी माणसांना मात्र फारसा फरक पडला नाही. जुन्या जाणत्यांच्या बोलण्यातलं शहाणपण यंत्र शिकलं आणि नवख्याच्या हाती देऊन मोकळं झालं. नवख्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. पण ज्याचा सगळा दरारा ‘हे फक्त मलाच येतं’ यावर उभा होता, त्याच्या पायाखालची वाळू सरकली. यापुढे माणसं त्याच्याकडे माहितीसाठी येणार नाहीत. मग कशासाठी येतील?

व्यवस्थापक नकोतच, असं ठरवलं तर?

गूगलनं हा प्रयोग करून पाहिला आहे. २००२ मध्ये तिथे इंजिनिअरांवरचे व्यवस्थापक काढून टाकण्यात आले. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन माणसं थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याच दारात उभी राहू लागली. पुढे २००८ च्या सुमारास कंपनीनं ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाचा अभ्यास हाती घेतला. चांगला व्यवस्थापक असल्या-नसल्यानं खरंच फरक पडतो का, हे त्यांना आकड्यांतून तपासायचं होतं. फरक पडतो, असं आढळलं. चांगल्या व्यवस्थापकांच्या आठ सवयींची यादी निघाली. पहिली होती, माणसाला हाताशी धरून घडवणं. तांत्रिक ज्ञान यादीत होतं, पण आठव्या जागी. तंत्रज्ञानावर पोसलेल्या कंपनीत हा क्रम निघावा, हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे.

‘सॉफ्ट’ हा शब्द आला कुठून?

या गुणांना आपण सॉफ्ट स्किल्स म्हणतो, मराठीत मृदू कौशल्यं. दोन्ही शब्द थोडे घोटाळ्यात टाकतात. मृदू म्हटलं की गोड बोलणं, टाय लावून हसणं, इंग्रजी झाडणं असं काहीसं मनात येतं. कारखान्यातला माणूस मग म्हणतो, हे आपल्यासाठी नाही, हे पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्यांसाठी.

या शब्दाचा जन्म मात्र लष्करात झाला. १९७० च्या आगेमागे अमेरिकन लष्कर आपली प्रशिक्षण पद्धत नव्यानं बांधत होतं. रणगाडा चालवणं, तोफ दुरुस्त करणं ही यंत्राशी झुंजायची कामं पायरीपायरीनं शिकवता येत होती. पण तुकडीचं नेतृत्व, माणसांची पारख, जबाबदारीचं वाटप ही कामं त्या साच्यात बसेनात. यंत्राशी फारसा संबंध न येणाऱ्या, पण नोकरीत अत्यावश्यक अशा या कौशल्यांना त्यांनी ‘सॉफ्ट’ म्हटलं. १९७२ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे यावर परिषदही भरली. म्हणजे मुळात सॉफ्ट याचा अर्थ ‘यंत्राशी नव्हे, माणसाशी’ एवढाच. त्यात नरमपणा कुठेच नव्हता. उलट, ही कामं कठीण होती म्हणून तर त्यांना वेगळं नाव द्यावं लागलं.

बाजारानंही त्यांची किंमत ओळखली आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत व्यवहार करावा लागणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळपास १२ टक्के बिंदूंनी वाढला. नुसतं गणित लागणाऱ्या, पण माणसांशी फारसा संबंध न येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा घटला. संगणक घराघरांत शिरला त्याच काळात हे घडलं. यंत्र जितकं हुशार होत गेलं, तितकं माणसाला माणसाशी नीट वागता येण्याचं मोल चढत गेलं.

खानदेशानं ऐकून ठेवलेलं

ऐकण्याचं मोल कळायला खानदेशी माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलत. अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं झाली. त्या कैद्यांमध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले एक माजी शिक्षक होते, साने गुरुजी. त्यांनी ती प्रवचनं लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज अनेक भारतीय भाषांत वाचलं जातं, त्याचं कारण धुळ्याच्या तुरुंगात कुणीतरी मन लावून ऐकत होतं.

दुसरी गोष्ट जळगावची. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना त्यांच्या तोंडून गाणी येत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी त्यातली जमतील तेवढी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपानं महाराष्ट्राला मिळाली. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं. रोज कानावर पडणाऱ्या घरातल्या बाईच्या बोलण्याला मोल आहे, हे आधी कुणाला तरी वाटावं लागलं.

मधल्या माणसाचं काम याच जातीचं आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे पण सांगायची रीत किंवा हिंमत नाही, त्याचं ऐकायचं आणि ते जिथे पोचायला हवं तिथे पोचवायचं. ध्वनिमुद्रण करून मजकूर उतरवणं यंत्राला आज सहज जमतं. पण कुठल्या बोलण्याला मोल आहे आणि कुणाच्या गप्प बसण्यामागे काय आहे, हे जवळ बसलेल्या माणसालाच उमगतं.

हे शिकवता येतं का?

‘हे उपजत असावं लागतं’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. भारतातल्याच एका मोठ्या तयार कपड्यांच्या कंपनीतला प्रयोग वेगळं सांगतो. अच्युत अध्वर्यू, अनंत न्यशधम आणि सहकाऱ्यांनी शिलाईच्या लाइनवरच्या सुपरवायझरांना माणसं हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं आणि त्याचा परिणाम मोजला. २०२३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. प्रशिक्षणाला कुणाला पाठवावं, हे आधी वरच्या व्यवस्थापकांना विचारण्यात आलं. त्यांनी आग्रहानं सुचवलेल्या सुपरवायझरांच्या लाइनवर उत्पादकता वाढली नाही. ज्यांची शिफारस कमी झाली होती, त्यांच्या लाइनवर ती प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत १२ टक्क्यांनी वाढली. वरच्यांनी वशिलेबाजी केली होती असंही नव्हे. सुपरवायझर सोडून गेला की नवा घडवायचा त्रास त्यांनाच पडतो, म्हणून जो टिकावा असं वाटत होतं त्याला त्यांनी पुढे केलं.

यातून दोन धडे मिळतात. ही कौशल्यं शिकवता येतात आणि त्याचं फळ मालात दिसतं. आणि शिकवायला कुणाला निवडायचं, यात आपली नजर चुकते. मालक सेमिनारला पाठवतो तो बहुधा आधीच बरा बोलणारा, साहेबांच्या पुढेमागे असणारा माणूस. कोपऱ्यात कपाळाला आठ्या घालून काम करणारा, लाइनवर ओरडणारा, पण कामाला चोख असा जो इन्चार्ज असतो, त्याला कुणी पाठवत नाही. खरी गरज त्याला असते आणि खरा फायदाही तिथेच दडलेला असतो.

शिकायचं ते काय?

पहिलं, ऐकणं. हे सोपं वाटतं, पण प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं फार थोड्यांना जमतं. त्यात भाषेचा भाग मोठा आहे. अमळनेर, पारोळा, धुळ्याकडचा कामगार अहिराणी बोलतो, रावेर-यावलकडचा लेवा वळणाचं बोलतो, कुणी बिहारहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो. यंत्राचा रिपोर्ट प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत येतो. तो कामगाराच्या तोंडच्या भाषेत उतरवणं आणि त्याचं उत्तर परत वर नेणं, हे दुभाष्याचं काम मधल्या माणसाचं. अहिराणी येत असेल तर ती इन्चार्जची पात्रता समजावी.

दुसरं, आकड्याला प्रश्न विचारणं. आखाजीच्या आसपास गैरहजेरीचा आलेख वर जातो. यंत्र म्हणेल, शिस्त ढासळली. खानदेशातला सुपरवायझर जाणतो की आखाजी म्हणजे लेकीबाळींनी माहेरी जायचा सण, त्या आठवड्यात बायका कामावर कमी असणारच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी तिचं विसर्जन असतं आणि भाऊबंद रोटाचा प्रसाद खायला गावाकडे जमतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काम मंदावतं, तो आळस नसतो. आकड्यामागचा हा संदर्भ ज्याला माहीत आहे, त्यानं तो वर ठामपणे सांगायला हवा. साहेब, रिपोर्ट बरोबर आहे पण निष्कर्ष चुकतोय, एवढं म्हणायचं धाडस हे आजच्या मधल्या माणसाचं सगळ्यात मोलाचं कौशल्य आहे. सण आधीच माहीत असतो, तेव्हा पाळ्यांची अदलाबदलही आधीच करता येते. मग गैरहजेरीचा प्रश्नच उरत नाही.

तिसरं, चूक दाखवणं. चारचौघांत झापलेला माणूस चूक सुधारत नाही, पुढची चूक लपवायला शिकतो. बाजूला घेऊन, त्याच दिवशी, नेमकं काय चुकलं आणि पुढे काय करायचं एवढंच बोलावं. ‘तू नेहमीच असं करतोस’ या एका वाक्यानं महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

चौथं, चूक सांगायची वाट मोकळी ठेवणं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण एकोप्यानं काम करणाऱ्या गटांतच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. त्यांच्या हातून जास्त चुका होत होत्या म्हणून नव्हे, ते त्या उघडपणे सांगत होते म्हणून. ओल्या दाण्याची गोष्ट पहिल्याच रात्री बाहेर यायची असेल, तर आधी इन्चार्जनं स्वतःची चूक सगळ्यांसमोर कबूल केलेली असावी लागते. वरच्यानं ‘माझं चुकलं’ म्हटलं की खालच्यांची जीभ सुटते.

पाचवं, भीतीबद्दल बोलणं. यंत्र आलं की प्रत्येक कामगाराच्या मनात एकच प्रश्न असतो, माझं काय होणार? हा प्रश्न टाळला की अफवा पसरतात. जे ठरलंय ते सांगावं, जे ठरलेलं नाही तेही तसंच सांगावं आणि न पाळता येणारं वचन देऊ नये. खोट्या धीरापेक्षा खरी अनिश्चितता माणूस जास्त चांगली पेलतो.

यात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेता येते आणि घ्यावी. रागावलेल्या ऑपरेटरशी उद्या अवघड बोलणं करायचं असेल, तर आज रात्री चॅटबॉटला त्या ऑपरेटरची भूमिका द्या आणि मराठीतच सराव करा. आपलं कुठलं वाक्य टोचतं, ते कळेल. तालीम यंत्रासोबत करावी, प्रत्यक्ष बोलायला मात्र स्वतः जावं. कुणाचे वडील गेले असतील, तर यंत्रानं लिहून दिलेला शोकसंदेश ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नये. त्याच्या घरी जाऊन दहा मिनिटं बसावं. तिथे काही बोलावंही लागत नाही.

छोट्या कारखान्यानं काय करावं?

हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. एवढ्यानं हे येत नाही. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसंच हे. कौशल्य सरावानं येतं आणि सराव रोजच्या कामातच होतो. पाळी बदलताना दहा मिनिटं फक्त बोलण्यासाठी राखून ठेवता येतात. आज काय अडलं आणि उद्या काय अडेल, एवढे दोनच प्रश्न. पंधरा दिवसांतून एकदा तीन-चार इन्चार्जनी एकत्र बसून आपल्यावर आलेला एकेक अवघड प्रसंग मांडायचा, मी काय केलं आणि वेगळं काय करता आलं असतं ते बोलायचं. मुरलेल्या मुकादमालाही तिथे बोलवावं. चाळीस माणसांची टोळी भांडणाशिवाय कशी चालते, हे तो जे सांगेल ते पुस्तकात सापडायचं नाही. खर्च काय, तर चहाचा.

मात्र एक गोष्ट मालकाच्याच हातात आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात कंपन्यांनी अंदाज दिला आहे की, २०३० पर्यंत कामाला लागणाऱ्या मूळ कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील. त्यासाठी मालक यंत्र घेतो, सॉफ्टवेअर घेतो. पण यंत्रानं वाचवलेला वेळ जर इन्चार्जवर आणखी दोन लाइन लादण्यात गेला, तर वरचं सगळं बोलणं वाया आहे. तीस माणसांची नावं, घरची परिस्थिती, स्वभाव माणूस लक्षात ठेवू शकतो. शंभरांची नाही ठेवू शकत. वाचलेल्या वेळातला काही भाग माणसांसाठी ठेवायचा, हे लेखी ठरवावं लागतं. आणि इन्चार्जनं वर आणलेल्या गाऱ्हाण्यावर काहीतरी व्हावंही लागतं. गोदामाचा पत्रा दुरुस्त झालाच नाही, तर पुढच्या पावसाळ्यात ऑपरेटर पुन्हा गप्प बसेल. इन्चार्ज कितीही छान ऐकत असला, तरी.

म्हणून परत त्या सकाळी चार नंबर लूमपाशी जाऊ. इन्चार्जनं विचारलं, ऐकलं, साहेबांना फोन लावला, दुपारी पत्र्यावर माणूस चढला. रात्री ऑपरेटर कामावर आला, तेव्हा इन्चार्ज त्याला एवढंच म्हणाला, “पत्रा बसवला. तू सांगितलंस म्हणून कळलं.” उद्याचा रिपोर्ट यंत्र लिहील, त्यात चार नंबरचा आलेख वर गेलेला दिसेल आणि हे वाक्य त्यात कुठेच नसेल. पण पुढच्या वेळी काही बिघडलं, तर तो ऑपरेटर घरी निघण्यापूर्वी इन्चार्जला शोधत येईल.